एक जूनचे मास्तर

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना माणसं अर्ध्या वाटेवर दम खायला थांबतात आणि मागं वळून खाली बघतात. खाली ऊस, कांदा, द्राक्षांचे मांडव, आणि त्यांच्या मधोमध शेणानं सारवलेला एक लांबट चौकोन. रविवारी सकाळी त्या चौकोनात पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा इकडून तिकडं पळताना दिसायचा. देवाला निघालेले पावणे एकमेकांना विचारायचे, "काय चाललंय राव तितं? अंगात आलंय का कुणाच्या?"

अंगात आलेलं नसायचं. मास्तर टेनिस खेळत असायचे.

टेनिसबद्दल मला राग होता, तो आधीच सांगून टाकते. टेनिस म्हणजे साहेब, साहेब म्हणजे कचेरी आणि कचेरी म्हणजे आमचा शत्रू, इतकं सरळ गणित होतं माझं. तेविसाव्या वर्षी गणितं सरळच असतात. मी संघटनेचं काम करायची. काम म्हणजे मोर्चे थोडे आणि पत्रकं फार. खांद्याला झोळी, झोळीत पत्रकांचा गठ्ठा आणि खळीचा डबा. बेल्ह्याच्या बैलबाजारात टेम्पोच्या पाठीला पत्रक चिकटवून ड्रायव्हरच्या शिव्या खाल्ल्यात मी. अशा बाईला कुणी सांगितलं, की जुन्नर-आंबेगावात दिवाळीपासून मेअखेरपर्यंत गावोगाव ज्येष्ठांच्या टेनिसच्या स्पर्धा होतात, महिन्यातून एक रविवार, कधी नारायणगाव, कधी मंचर, कधी घोडेगाव, आणि त्यातलं एक कोर्ट मास्तरांच्या शेतात आहे, तर ती काय करील? पत्रक काढील.

काढलं. मथळा होता, 'म्हाताऱ्यांच्या चेंडूला पाणी, आयाबायांच्या घशाला कोरड!'

ते घेऊन मी थेट कोर्टावर गेले. खेळ चालू होता. मास्तर गुण मोठ्यानं मोजत होते, पण असे: "पंधरा-पूज्य! तीस-पूज्य!" शून्याला पूज्य म्हणायची जुन्या शाळेतली रीत त्यांनी टेनिसला लावली होती. दोघे सारखे झाले की "बरोबरी!" असं ओरडून टोपी काढायची, झटकायची, पुन्हा घालायची. रॅकेट लाकडी. तिच्या तारा तुटल्या की मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन घालून ते स्वतःच विणायचे. खाकी अर्धी चड्डी आणि खिशाला लाल शाईचं पेन. खेळतानासुद्धा!

डाव संपल्यावर त्यांनी माझं पत्रक घेतलं आणि उभ्याउभ्या वाचलं. मग पेन काढलं.

"'रोज एक टँकर पाणी' असं लिहिलंय. मोजलंत?"

"लोक सांगतात."

"कोण लोक?"

"लोक म्हणजे... लोक."

"म्हणजे शंका आहे. शंका आली की गुण समोरच्याचा. इथला नियम आहे तो, बाई."

त्यांनी माझं पत्रक तपासलं. ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, एका वाक्याखाली लाल रेघ मारून समासात 'कर्ता कुठे?' असं लिहिलं, आणि वर कोपऱ्यात गोल करून शंभरपैकी बेचाळीस गुण दिले. मग मला घरामागं नेलं. न्हाणीचं आणि म्हशीच्या दावणीचं पाणी एका पिंपात येत होतं, त्यातल्या दोन घागरी कोर्टावर शिंपडायच्या. मास्तरीणबाई लसूण सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माज्या धुण्याचं पाणी ह्यांच्या ग्राऊंडाला. टँकर आला आसता तर मीच आदी प्याले नसते का, माय?"

मी चहा न घेता निघून आले. ते पत्रक मात्र फाडलं नाही. का, ते तेव्हा मला कळलं नव्हतं.

पुढच्या स्पर्धेला मी पुन्हा गेले. कारण सांगायचं तर पत्रकं वाटायला. खरं म्हणजे बघायला. त्या माणसाचा खेळ डोक्यातून जाईना. मास्तर चेंडू मारत नसत. परत करत. समोरचा घाम गाळून, दात-ओठ खाऊन चेंडू हाणायचा आणि मास्तर पोस्टात पत्र टाकावं तसा तो जाळीपलीकडं टाकून द्यायचे. पुन्हा. पुन्हा. शेवटी समोरचाच वैतागून जाळीत मारायचा. हा खेळ ते धरणाच्या वसाहतीतल्या शाळेवर असताना शिकले. तिथल्या इंजिनियर साहेबाला खेळायची हौस आणि जोडीला कुणी नाही, म्हणून शाळेच्या मास्तराला बोलावणं आलं. "साहेबानं पहिल्याच दिवशी बजावलं," मास्तर सांगायचे, "'मला हरवायचं नाही, नुसता चेंडू परत द्यायचा.' सात वर्षं परत दिला. साहेब बदलून गेला, माझा हात तसाच ऱ्हायला."

या स्पर्धांना पंच नसतो. म्हाताऱ्यांच्या खेळाला उन्हात तीन तास कोण उभं राहणार? चेंडू ज्याच्या बाजूला पडला, तो आत की बाहेर हे त्यानंच सांगायचं. मास्तर ह्याला 'अंगणाचा नियम' म्हणत: ज्याच्या अंगणात चेंडू पडला, निवाडा त्याचा. आणि त्याला शंका आली, तर गुण समोरच्याचा. शेणाच्या जमिनीवर चेंडूचा ठसा उमटतो. मास्तर ठशापाशी जायचे, वाकून बघायचे आणि फक्कीच्या रेघेला तो एवढासा जरी शिवलेला असला, तरी बुटाच्या टोकानं त्याच्याभोवती गोल काढून बाजूला व्हायचे. गोल काढला म्हणजे मान्य. गुण तुझा. मी स्वतः पाहिलंय, समोरचा माणूस "बाहेर होता हो मास्तर" म्हणून परत फिरलेला असायचा आणि मास्तर त्याला हाक मारून बोलवायचे, "या, बघून जा, आत आहे!"

एवढ्यावर मी हुरळले नसते. प्रामाणिकपणा मला माहीत होता, आमच्या पत्रकात तो पानोपानी असायचा. मी हादरले मंचरला.

मंचरला मास्तरांची गाठ एका द्राक्षबागायतदाराशी पडली. अंगानं आडवा, आवाजानं त्याहून आडवा. शेवटच्या गुणावर मास्तरांचा चेंडू रेघेच्या चांगला वीतभर आत पडला. सगळ्यांनी पाहिला. बागायतदार म्हणाला, "भाईर!"

गलका झाला. एसटी डेपोतला निवृत्त कंट्रोलर ओरडला, "आरं, आंधळा हायेस का? चष्मा बागंत टांगलास काय?" मी तर खुर्चीवर चढून घोषणाच द्यायला लागले. मास्तरांनी रॅकेट काखेत धरली, हात जोडले, "तुमचा सामना, पाटील" म्हणाले आणि पिशवी भरायला लागले.

मी तरातरा गेले. "भांडला का नाहीत?"

"चेंडू त्याच्या अंगणात पडला."

"पण तो खोटं बोलला!"

"ते त्याला ठाऊक आणि चेंडूला ठाऊक. मी जाळीच्या अलीकडं होतो."

"मास्तर, असं म्हणून म्हणूनच ह्या देशाचं वाटोळं झालं!"

"हे पत्रकात घाला," ते म्हणाले. "वाटोळं मधला 'ळ' नीट काढा, तुमचा 'ळ' 'क'सारखा दिसतो."

माझा नुसता संताप झाला. गुलामीचं तत्त्वज्ञान आहे हे, असं मी रात्री वहीत लिहिलं. पण पुढच्या महिन्यात त्या बागायतदारानं द्राक्षांचा एक खोका मास्तरांच्या ओट्यावर गुपचूप ठेवला, आणि त्यानंतर कधी त्यानं रेघेजवळचा चेंडू बाहेर दिला नाही. हेही मी लिहिलं वहीत, पण बारीक अक्षरात.

आता एक जूनचं सांगते. मास्तरांचं खरं स्थान त्या दिवशी कळायचं.

आमच्याकडं त्या पिढीतल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस एक जूनला असतो. पोर शाळेत घालताना बापाला जन्मतारीख कुठली ठाऊक? "आखितीला झाला", "पूर आला त्या साली झाली", एवढंच. मग मास्तर पोराला डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरायला लावायचा. कान हाती लागला की सात वर्षं, आणि तारीख एक जून, शाळेच्या सोयीची. ते एक जूनवाले म्हातारे झाले आणि टेनिसमध्ये वयाचे गट आले: पंचावन्न, पासष्ट, पंच्याहत्तर. दाखला शाळेचा. म्हणजे सगळ्यांचा गट एकाच दिवशी बदलणार! म्हणून स्पर्धांचं वर्ष एक जूनला संपायचं. त्या सकाळी सगळे मास्तरांच्या शेतात जमायचे, मास्तरीणबाई शिरा करायच्या, आणि मास्तर हजेरीपटातून वरच्या वर्गात गेलेल्यांची नावं वाचायचे. "पासष्टावी इयत्ता! डॉक्टर, उत्तीर्ण. कंट्रोलर, उत्तीर्ण." ज्याचं नाव येईल तो उभा राहून "हजर" म्हणायचा. नातवंडं असलेली माणसं, पण शर्टाची बटणं लावून उभी राहायची. पहिल्या वर्षी मी हसत बघायला गेले होते आणि शेवटी झोळी खाली ठेवून मीही ताठ उभी राहिले होते.

पुढच्या वर्षी मी डोंगरातल्या आहुप्यात वृद्धांच्या पेन्शनचे अर्ज भरत होते. पासष्ट पूर्ण, ही अट. तिथं मला ठकूबाई भेटल्या. एकट्या, वाकलेल्या, डोंगरउतारावरच्या खोपटात राहणाऱ्या. सत्तरीच्या अलीकडं कुणी त्यांना धरलं नसतं. पण त्यांचा अर्ज दोनदा परत आला होता. शेरा: 'शाळेच्या नोंदीप्रमाणे वय त्रेसष्ट. दोन वर्षांनी अर्ज करावा.'

आणि त्यांच्या सख्ख्या, धाकट्या भावाला, धोंडूला, पेन्शन चालू झालं होतं!

"ह्यो माज्या पाठीवर बसून शाळंत गेला," ठकूबाई म्हणाल्या. "वढ्याला पानी आसायचं. आन आता ह्यो म्हातारा आन मी तरणी. मला नवरा बगा आता येकादा."

धोंडूबाबा खाली मान घालून म्हणाले, "आक्के, निम्मं घे म्हनलं तर घेत न्हाईस."

"तुझं तू खा. माजं मला मिळू दे."

माझं डोकं फिरलं. मी शाळेत जाऊन जुनं रजिस्टर उघडायला लावलं. पानं पिवळी पडलेली. धोंडू: वय सात. त्याच्याच खालच्या ओळीत, त्याच दिवशी, ठकू: वय पाच. आणि ते अक्षर मी ओळखलं. तो 'ठ', ती उकाराची लांब शेपटी. माझ्या पत्रकाच्या समासात लाल शाईत होतं तेच अक्षर. मास्तरांची पहिली नेमणूक आहुप्याची होती, हे तेव्हा मला कळलं.

मी काय करायला हवं होतं? जाऊन विचारायला हवं होतं. मी रजिस्टर मिटलं आणि पत्रक लिहिलं. 'धाकटा म्हातारा, थोरली तरुण! निष्काळजी मास्तरांची करामत! एक जूनचा शिरा कुणाच्या पोटावर?' मला शंका होती. खोटं कशाला बोलू, लिहिताना दोनदा पेन खाली ठेवलं होतं. पण गुण मी मलाच दिला.

एक जूनला सकाळी मी शेतात पोहोचले, तेव्हा नावं वाचून होत आली होती. मी झोळीतून गठ्ठा काढून वाटत सुटले. शिऱ्याच्या द्रोणाशेजारी एकेक. पंचावन्नच्या गटातले सगळ्यात तरुण खेळाडू म्हणजे आमच्या तालुक्याच्या कचेरीतले साहेब, ज्यांच्या सहीनं तो अर्ज परत आला होता तेच. त्यांनी पत्रक वाचलं आणि घडी करून खिशात घातलं. कंट्रोलर मात्र उसळला, "ए बाई, शिरा खाती का जाती? म्हाताऱ्या मानसाच्या दारात येऊन..."

"थांब," मास्तर म्हणाले. "द्या ते इकडं."

त्यांनी हजेरीपट बाजूला ठेवला आणि माझं पत्रक मोठ्यानं वाचलं. धडा वाचावा तसं. स्वल्पविरामाला थांबून, उद्गारचिन्हाला आवाज चढवून. 'निष्काळजी मास्तर' वाचतानासुद्धा आवाज हलला नाही. मग खिशातलं पेन काढलं. मला वाटलं, आता ऱ्हस्व-दीर्घ. त्यांनी एकच शब्द खोडला. 'निष्काळजी'वर रेघ मारून वर काहीतरी लिहिलं आणि कागद मला परत दिला.

वर लिहिलं होतं, 'जाणूनबुजून'.

"बाकी बरोबर आहे," ते म्हणाले. "हा एक शब्द चुकला. नजरचुकीनं नाही झालं ते. ऐका."

आणि उभ्या उभ्या त्यांनी सांगितलं. वीस वर्षांचे होते ते तेव्हा. शाळा उघडली त्या सकाळी एक बाप दोन पोरं घेऊन आला. दहा-अकरा वर्षांची मुलगी, अंगानं काटकुळी, आणि तिच्या पाठीवर भाऊ. भावाला कान धरायला लावला, सात लिहिलं. बाप म्हणाला, "पोरीचं नाव नगं. पोराला वढा पार कराया येतीया. आवंदा तिचं लगीन उरकायचंय." मास्तरांनी तरी नाव घातलं. वयाच्या रकान्यात पाच लिहिलं आणि बापाला सांगितलं, "सरकारदप्तरी पोर पाच वर्षांची आहे. आता लग्न लावलंस तर मला वर कळवावं लागंल. मग फौजदार येईल." बाप सरकारी कागदाला भ्यायला.

"दोन वर्षं टिकली ती शाळेत," मास्तर म्हणाले. "वाचायला लागली, पाढे झाले. मग बापाचं भ्या मोडलं. एका सोमवारी आली नाही. भाऊ एकटाच आला, गुडघ्यापर्यंत भिजून."

वर लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर कुणीतरी घंटा वाजवत होतं.

मास्तर साहेबांकडं वळले. "साहेब, लिहून घ्या. नोंद खोटी आहे, मी मुद्दाम केली."

साहेबांनी द्रोण खाली ठेवला. सज्जन माणूस, पण वर्षभरात रिटायर व्हायचं होतं. "मास्तर, नजरचूक म्हणा ना. नजरचुकीनं झालं असं दिलंत, तर आठ दिवसांत दुरुस्ती करून देतो. भावाची नोंद आहेच ताडून बघायला. मुद्दाम म्हटलंत तर मला ते वर पाठवावं लागेल. तुमच्यावरही येईल, आणि तिचं तर वर्षानुवर्षं भिजत पडेल."

"ठसा बाहेर आहे साहेब. आत कसा म्हणू?"

तेव्हा मी ओरडले. मी, जिनं पाच मिनिटांपूर्वी त्यांना निष्काळजी ठरवलं होतं! "मास्तर, एक शब्द! एका शब्दासाठी त्या बाईला उपाशी ठेवणार तुम्ही? तुमचा खरेपणा तिच्या पोटावर पाय देऊन उभा राहणार?"

त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "मला नाही जमत, बाई. खरंच नाही जमत." आणि शिऱ्याचं पातेलं उचलून घरात गेले. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांचं वय दिसलं.

त्यांनी लेखी दिलंच. सुवाच्य अक्षरात, 'मी जाणूनबुजून.' दहाव्या दिवशी कचेरीत सुनावणी लागली. मी ठकूबाईंना आणि धोंडूबाबांना आहुप्याच्या एसटीनं घेऊन आले. वाटेत त्यांना सगळं समजावलं: साहेब काय विचारतील, मास्तरांनी काय लिहिलंय, ते तसंच राहिलं तर काय होईल. ठकूबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. ऐकतायत की नाही, तेही कळेना. एवढंच विचारलं, "मास्तर येनार हायेत का? बगून पन्नास वरसं झाली."

मास्तर आधीच येऊन बाकावर बसले होते. कडक इस्त्रीचं धोतर, शेजारी त्या दिवशीसुद्धा रॅकेट. तिथून पुढं कुठंतरी सरावाला जायचं असावं. ठकूबाईंना बघून ते उभे राहिले. ठकूबाईंनी पदर सावरला, दोघांनी एकमेकांना न्याहाळलं.

साहेबांनी फाईल उघडली. "ठकूबाई, मास्तरांनी लिहून दिलंय, की तुमचं वय त्यांनी मुद्दाम कमी लिहिलं. तुम्हाला काय म्हणायचंय?"

त्या "व्हय" म्हणाल्या की कागद वर जाणार. वर गेलेला कागद खाली यायला किती काळ लागतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

ठकूबाई मास्तरांकडं बघत होत्या. एकदम हसल्याच.

"मुद्दाम? ह्यानी? साहेब, ह्यो मास्तर लई येंधळा व्हता! नवा नवा आल्ता, पोरांची नावंसुदिक ध्यानात ऱ्हायची न्हाईत. धोंड्याला गोंद्या म्हनायचा, शेळीला म्हैस म्हनायचा. मला म्हनला पाच वरसांची. आता तुमीच सांगा, पाच वरसांची पोर सात वरसांचा भाऊ पाठीवर घिऊन वढा पार करील का?"

कारकून खुदकन हसला. धोंडूबाबांनी जोरजोरात मान हलवली. "खरं हाय. लई येंधळा व्हता."

"म्हणजे नजरचूक?" साहेबांनी चटकन विचारलं.

"चूक न्हाई तर काय!"

मास्तर ताडकन उभे राहिले. "साहेब, हे खरं नाही. मी..."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं. कुठून आलं, कोण जाणे. मंचरच्या त्या दुपारपासून आत रुतून बसलं असावं. "मास्तर, चेंडू तिच्या अंगणात पडलाय."

ते थांबले. माझ्याकडं बघितलं, ठकूबाईंकडं बघितलं. मग खाली बसले. हळूहळू, एकेक सांधा दुमडत.

साहेबांनी मास्तरांचा कागद फायलीतून काढून टेबलावरून त्यांच्याकडं सरकवला आणि कारकुनाला सांगितलं, "लिहा. नोंदीत नजरचूक. भावाच्या नोंदीवरून वय दुरुस्त. अर्ज मंजूर."

कारकुनानं शाईची डबी पुढं केली. ठकूबाईंनी ती बोटानं बाजूला सारली आणि पेन मागितलं. बराच वेळ लागला. 'ठ' लिहिला, मग 'क' काढून त्याला उकाराची लांब शेपटी दिली. अगदी मास्तरांसारखी.

बाहेर एसटीची वाट बघत आम्ही पिंपळाखाली उभे होतो. धोंडूबाबा भेळ आणायला गेले होते. मास्तर ठकूबाईंपासून चार हात लांब उभे, रॅकेट छातीशी धरून. शेवटी न राहवून म्हणाले, "ठकू, तुला माहीत नव्हतं. मी मुद्दामच लिहिलं होतं."

"मला म्हाईत व्हतं," ठकूबाई म्हणाल्या. "तुमी बाशी बोलत व्हता तवा दाराआड मीच व्हते की."

"मग तिथं खोटं का बोललीस?"

पाढा चुकलेल्या पोराकडं बघावं, तसं ठकूबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं.

"तुमी न्हवतं का लिवलं?"

मास्तरांनी चपलेच्या टोकानं पिंपळाखालच्या धुळीत एक गोल काढला आणि बाजूला झाले.